मोड आलेली बाजरी

बाजरी खाणाऱ्या घरात रक्त कमी पडत नाही, असं मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. पंगतीत, एसटीत, कुणी विचारलं नाही तरी. मग थोरली लेक सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी पुणतांब्याला आली, श्रीरामपूरच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, आणि हिमोग्लोबिन नऊसुद्धा भरलं नाही.

"घरी खाणं काय असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाजरी!" मी म्हणालो. विचारलं होतं लेकीला.

"सकाळी चहात कुस्करून," लेक म्हणाली. "पप्पांनीच सवय लावलीय लहानपणापासून."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचायला लागलो. मग त्यांनी समजावलं. बाजरीत लोह असतं, पण दाण्यातलंच एक द्रव्य ते धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. त्यात चहाची भर. दाणे भिजवून मोड आणले की ती पकड सैल होते. जेवणात लिंबू हवं, जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, आणि गोळ्या अजिबात चुकवायच्या नाहीत. "महिन्याने बघू. तेव्हाही वाढलं नसेल तर बाळंतपण नगरच्या मोठ्या दवाखान्यात."

लेकीचा चेहरा उतरला. तिला इथंच हवं होतं, आई जवळ असताना. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मी म्हणालो, "बाजरीचं माझ्यावर सोड."

मोड तर झकास आले. फडक्यातून पांढरी टोकं डोकावायला लागली. एक दिवस गच्चीवर ऊन दाखवलं आणि डबा घेऊन थेट गिरणी गाठली. दाणे वरून कोरडे होते. आतून नव्हते, हे मला चक्कीने सांगितलं. ती घरघरली, गुरगुरली आणि गप्प झाली.

"काका, दळण आनलं का लगदा?" गिरणीवाला ओरडला.

"मोड आलेली बाजरी आहे."

"मोड आल्यावं उसळ करत्यात, काका!" रांगेतली एक बाई म्हणाली. "काकूंनी धाडलं व्हय तुमाला, का सोताच्या डोक्यानं आला?"

"स्वतःच्या."

"तरीच!"

सगळी रांग हसली. पुढचा तासभर मी गिरणीवाल्याबरोबर चक्कीचे दगड खरवडत बसलो, आणि ज्यांची दळणं अडली होती त्या प्रत्येकीने मला एकेक सल्ला दिला.

दुसऱ्या खेपेला बायकोने कारभार हातात घेतला. तीन दिवस कडक ऊन. मग मुळं चोळून सुपात पाखडली, दाणे मंद भाजले. पीठ छान झालं, पण भाकरी थापताना चिरायला लागली. मग तिने निम्मं साधं पीठ मिसळून उकळत्या पाण्यात मळलं, तेव्हा कुठे भाकरी तव्यावर फुगली.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"लिंबू चिरा. बोटं सांभाळून."

शिवाय लेकीचा हुकूम निघाला : जेवणाच्या वेळेला घरात कुणीच चहा करायचा नाही. वास आला की तिला राहवत नसे. सकाळच्या पहिल्या भाकरीला मी चहाशिवाय बसलो, तेव्हा कुणाच्या तरी मयतीला बसल्यासारखं वाटलं.

महिन्याने आकडा दहाच्या पुढे गेला.

"गोळ्या नीट घेतलेल्या दिसतात," बाई म्हणाल्या.

मी घसा खाकरला. लेक हसली. "घेतल्या ना. आणि पप्पांची बाजरीपण."

"दोन्ही चालू ठेवा. पुढच्याही तपासण्या अशाच आल्या तर इथंच करू."

स्टँडवरच्या बाकावर आम्ही डबा उघडला. भाकरी, मेथी, लिंबाची फोड. इतके दिवस बाळंतपणाचा विषयही न काढणारी लेक आता थांबेना. पाळणा कुठे टांगायचा, आईने किती दिवस शेतात जायचं नाही, सगळं ठरवून मोकळी झाली. समोरच्या टपरीवर आल्याचा चहा उकळत होता. मी हळूच उठलो.

तिने मोबाईलमध्ये पाहिलं. "अजून चाळीस मिनिटं, पप्पा."

"मला कुठे बाळंत व्हायचंय?"

"वास येतो मला."

मी खाली बसलो. डब्यात भाकरीचा एक तुकडा उरला होता. त्यावर लिंबू पिळून तिने तो माझ्या हातात दिला.