किल्ल्या वाजवणारा मंत्री

“हा तरुणपणी याच चौकात किल्ल्या वाजवायचा, पोरी,” निदर्शकांच्या गर्दीत, फलकावरच्या मंत्र्याच्या फोटोकडे बोट दाखवत माझी प्रागची म्हातारी घरमालकीण म्हणाली. “पोलिसांनी दात पाडले होते त्याचे. आता नवे बसवलेत, म्हणून चावतोय.”

सत्तेवरच्या माणसाला ‘आता घरी जा’ असं सांगायला इथे लोक किल्ल्या वाजवतात. तो पुढे खासदार झाला, मग गृहमंत्री. आज किल्ल्या त्याच्यासाठी वाजत होत्या आणि लाठ्या त्याच्या पोलिसांच्या होत्या. मार खाल्लेला माणूस मारायला कधी शिकतो, कुणास ठाऊक.

समोर एका मुलीचं डोकं फुटलं. ती पडली, तरी पोलीस मारतच राहिला. मी परकी, विद्यार्थी व्हिसावर राहणारी, वर्गातही तोंड न उघडणारी. घरमालकीण माझी बाही ओढत होती. ती सोडवून मी पुढे झाले आणि इंग्रजी शाळेत शिकलेली मी मराठीत ओरडले, “सोड तिला! मरेल ती!”