लाईन बंद आहे, हे कसं ओळखता?

नोकरीतल्या बऱ्याच तपासांची नावं-गावं आता विसरलो, पण गंगापूर रोडवरची ती शनिवारची सकाळ डोक्यातून जात नाही. एका सोसायटीच्या आवारात पावसाळ्याआधीची झाडछाटणी चालू होती. कुंपणालगतच्या निलगिरीवर चढलेला पेठ तालुक्यातला एक मजूर विजेच्या धक्क्याने जागीच गेला. वय तिशीच्या आत. तोडलेली हिरवी फांदी शेजारून जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर टेकली होती. अग्निशमन दलाने त्याला खाली उतरवलं तोवर साडेअकरा वाजले होते.

ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, जागेचा पंचनामा झाला, मृतदेह सिव्हिलला गेला. नावं मी देणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून जिल्ह्यातच आहेत आणि मलाही इथंच राहायचं आहे.

झाडाखाली दोर धरून उभा होता तो मयताचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्यानेच त्याला या कामावर आणलं होतं. जबाबाला समोर बसवला, तर मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "साहेब, मीच मारला त्याला. लाईट गेली, चढ, असं मीच म्हणलो."

एवढी आयती कबुली मिळाली की पोलीस खूश होतो. खोटं कशाला बोलू, मीही झालो. त्यात दुपारपर्यंत ठेकेदार स्वतः फाईल घेऊन हजर. पाचही मजुरांची प्रमाणपत्रं त्यात होती: वीजवाहिनीजवळ सुरक्षित झाडछाटणी, दोन दिवसांचं प्रशिक्षण, प्रात्यक्षिक, परीक्षा, फोटो आणि वर गोल शिक्का. ठेकेदाराचं म्हणणं असं, की आम्ही शिकवून माणसं पाठवली, आता शिकलेल्यानेच घोडचूक केली तर मालकाने काय करायचं? ऐकायला बरोबरच वाटत होतं. माझ्या दुय्यम अधिकाऱ्याने मेहुण्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा लिहूनही ठेवला. माझी सही तेवढी राहिली होती.

सोमवारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "त्या माणसांना शिकवलं कोणी, तेवढं विचारा," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. ती कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. असल्या निनावी फोनांतले निम्म्याहून जास्त कुणाच्या तरी भांडणातून येतात, त्यामुळे मी सहसा हुरळून जात नाही. पण ठेकेदाराची फाईल मला आधीपासून खुपत होती. निर्दोष माणसाला कागद शोधायला दोन दिवस लागतात, सापडले तरी एखादा कमी निघतो. याने न मागता, क्रमवार लावून आणले होते.

मी उरलेल्या चौघांना बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. विद्युत निरीक्षक कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांना सोबत घेतलं. दरडावणं नाही, काही नाही, चहा पाजला. चौघांनाही प्रश्न एकच विचारला: लाईन बंद आहे, हे कसं ओळखता?

एक म्हणाला, मुकादम सांगतो. दुसरा म्हणाला, तारेवर कावळे निवांत बसले की समजायचं, करंट नाही. हे ऐकून निरीक्षक साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. तिसऱ्याने टपरीवरचा पंखा बघतो असं सांगितलं.

मेहुणा चौथा. त्याने सगळं सविस्तर सांगितलं. आमच्या नाशिकला दुरुस्तीसाठी लाईट जाते ती शनिवारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तारेजवळची झाडं ही मंडळी शनिवारसाठी राखून ठेवत. सकाळपासून गल्लीतल्या पिठाच्या गिरणीकडे कान लावून बसायचं, घरघर थांबली की चढायचं. त्या दिवशी दहाच्या सुमाराला गिरणी थांबली आणि याने खालून हाक दिली.

हवालदाराला गिरणीवर पाठवलं. गिरणीवाला म्हणाला, लाईट कुठली जाते, माझा पट्टा तुटला होता. त्या शनिवारी दुरुस्तीचं काम नव्हतंच.

निरीक्षक साहेबांनी मला जे समजावलं ते असं. घराघरातली लाईट गेली तरी वरची मोठी लाईन चालू असू शकते. म्हणून आधी लेखी परवानगी घ्यायची, लाईन बंद करून घ्यायची, ती मेली आहे का ते उपकरणाने तपासायचं, तिला अर्थिंग लावायचं आणि मगच झाडाला हात घालायचा. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला हेच सांगतात. चौघांपैकी एकाच्याही तोंडून यातला एक शब्द आला नव्हता.

मग प्रमाणपत्र देणाऱ्या खाजगी संस्थेच्या मालकाला उचललं. गृहस्थ पाटीवर संचालक होते, प्रत्यक्षात टायपिंगचा क्लास चालवत. त्यांनाही तोच प्रश्न टाकला. घाम पुसत म्हणाले, "बंद असली की बंदच असते ना, साहेब." अशा वेळी हसावं की कानाखाली द्यावी ते कळत नाही. मी दोन्ही केलं नाही. तासाभरात त्यांनी सगळं ओकलं. सोसायटीने प्रशिक्षित माणसांची अट घातली होती, म्हणून ठेकेदाराने पाचजणांचे फोटो आणि आधारच्या प्रती आणून दिल्या आणि त्याच संध्याकाळी प्रमाणपत्रं नेली. ठेकेदाराने वीज कंपनीकडे परवानगीचा अर्जसुद्धा केला नव्हता. दोघांवर गुन्हा दाखल झाला, दोघांना अटक झाली. मेहुणा आरोपी व्हायचा तो साक्षीदार झाला.

दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर तो ठाण्यात आला. म्हणाला, साहेब, मी गुन्हेगार नाही असा एक कागद द्या, शिक्का मारून. कशाला, तर बहिणीला दाखवायला. नवरा गेल्यापासून तिने त्याला दारात उभं केलं नव्हतं, दिवसकार्यालाही नाही. असा कागद देण्याची सोय कायद्यात नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. माझी सगळी नोकरी सही आहे का, शिक्का आहे का, हे बघण्यात गेली. माणसाला काय येतं हे विचारावं, हे त्या चार खोल्यांत मला पहिल्यांदा सुचलं. आणि शनिवारीच सही करून मोकळा झालो असतो, तर हा माणूस तुरुंगात असता.

रविवारी त्याला गाडीत घालून मी पेठच्या बाजूला त्याच्या बहिणीच्या घरी गेलो. तो अंगणाबाहेर थांबला. मी दोषारोपपत्राची प्रत काढून बाईंना ओट्यावर बसून वाचून दाखवली, कठीण शब्द सोपे करून. शेवटी त्यांनी विचारलं, "यात माझ्या भावाचं नाव कुठं हाय?"

मी साक्षीदारांच्या यादीत बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"त्याला शिकवलंच नव्हतं, म्हंजे?"

"दोघांनाही नाही, ताई."

त्या उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मग आतूनच, बाहेर न बघता म्हणाल्या, "दादा, हातपाय धू. भाकर खाऊन जा."