सिहोऱ्याच्या गिरणीतली वाफ

जागेश्वरला एका जागी बसणं जमत नसे. पाहुणा बोलत असताना हा उठून दाराची कडी हलवून बघायचा, चुलीतलं लाकूड मागेपुढे सारायचा. असा माणूस तुमसरच्या राइस मिलमध्ये बॉयलरच्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर इतकी वर्षं कसा बसला, याचं त्याची बायको मंदाबाईला कायम नवल वाटे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी भागातल्या गिरण्यांत उसना तांदूळ निघू लागला. धान भिजवायचं, वाफेवर शिजवायचं, वाळवायचं, मग भरडायचं. त्यासाठी बॉयलर, वाफेचे नळ, लोखंडी टाक्या लागत. बसवणारे बाहेरून येत, बसवून जात आणि बिघाड झाला की सापडत नसत. जागेश्वरनं ठरवलं, हे काम आपण ठेक्यानं घ्यायचं. त्यानं नोकरी सोडली.

नोकरीबरोबर मिलच्या आवारातली खोलीही गेली. भाड्याच्या खोलीत खाटेखाली नळांचे तुकडे आले, बोल्ट आवळायचे पाने आले, उंदीर आले.

"अजी, लोकाइच्या घरी देव्हारा असते, आपल्या घरी भंगार," मंदाबाई म्हणायची.

"भंगार नोको म्हणू. धंदा हाय तो."

"धंदा लावणाऱ्याले झोप तरी येते. तुम्ही तं रातभर कड बदलून राहता."

जुन्या सेठनं सांगून ठेवलं होतं, 'दिवाळीपर्यंत तुझी जागा भरत नाही.' मंदाबाईनं ते वाक्य पदराच्या गाठीसारखं जपलं होतं. जागेश्वर ते ऐकलंच नसल्यासारखा वागे. पण एकटा असला की त्याचीही बोटं आकडेमोड करत.

पावसाळ्याअखेर पहिलं पुरतं काम मिळालं. सिहोऱ्याच्या लक्ष्मणरावांच्या गिरणीत बॉयलर येऊन तपासून झाला होता. त्यापुढची भट्टी, नळ आणि टाक्या जागेश्वरच्या अंगावर होत्या. हे जमलं तर चार गिरणीवाले बोलावतील. फसलं तर जुन्या काट्यासमोर परत.

वाफ वाटेत थंड होऊ नये म्हणून नळांना वेष्टण लागतं. विकतचं महाग, म्हणून जागेश्वरनं धानाच्या काडाचं बारीक तणीस, शेण आणि चिकणमातीचा लेप द्यायचं ठरवलं. त्यात मंदाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"फक्त जोड उघडे ठेव," त्यानं बजावलं. "वाफ फिरली का बोल्ट पुन्हा आवळा लागतात. मंग झाकू."

गिरणीच्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तो सामान आणायला तुमसरला गेला. मंदाबाई लिंपत होती तिथे लक्ष्मणरावांची आई, पार्वताबाई, नळ बघायला आली.

"अवं बाई, मधामधात उघडं कायले सोडलं? उद्या पूजा हाय. नवरीले शालू नेसवला अन् पाठ उघडी ठेवली!"

"जोड हायेत जी ते. उघडे ठेव म्हणाले."

"माणसाइले सारवणातलं काय समजते?"

खरं म्हणजे ती उघडी लोखंडी ठिगळं मंदाबाईच्याही डोळ्यांत सलत होती. तिनं जोड झाकले, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला, बोटांनी वेलही काढली. जागेश्वर अंधार पडल्यावर परतला आणि भट्टीच्या जाळीत शिरला. मागे जाऊन नळ बघायचं राहून गेलं.

सकाळी नारळ फुटला, कोंड्याचा जाळ लागला. दुसऱ्या गिरण्यांचे मालक धोतराचे सोगे सांभाळत उभे होते. काटा चढला. जागेश्वरनं वाफ सोडली. टाकीच्या तोंडाशी मात्र आजारी माणसाच्या श्वासासारखी नुसती ऊब येत राहिली. नळावरून हात फिरवत तो मागे गेला आणि थबकला.

"मंदा, जोड कोणं झाकले?"

"मी."

"मी सांगतलं तिले," पार्वताबाई म्हणाली. "छान नाही दिसून राहिलं का?"

कुठला तरी जोड वाफ गिळत होता, आणि ओल्या लेपाखाली कुठला ते कळत नव्हतं. टाकीत कालपासून धान भिजत होतं. आज शिजलं नाही तर ते आंबणार, आणि त्याचा वास गावभर जाणार. त्यानं वाफ बंद केली, हातोडी उचलली.

"आज फोडतोस?" पार्वताबाई ओरडली. "अपशकुन होईल रे!"

लक्ष्मणराव जवळ येऊन हळूच म्हणाले, "मिस्त्री, लोकं पाहून राहिले. जाळ वाढव थोडा, निभून जाईल."

जाळ वाढवला तर दाबानं जोड फुटून वाफ माणसांच्या अंगावर येऊ शकते हे जागेश्वरला ठाऊक होतं. मालकाचा शब्द मोडला तर काय होईल हेही. हातोडी घेतलेला त्याचा हात तसाच राहिला. हा माणूस असा गोठलेला मंदाबाईनं कधी पाहिला नव्हता. तिनं त्याच्या हातातून हातोडी घेतली.

"माह्या हातचं हाय, मीच फोडतो."

वेलीसकट माती खाली आली. पहिला जोड कोरडा होता. दुसराही. तिसऱ्यातली वाफ अडवणारी पट्टी सरकली होती. जागेश्वरनं नळ निवू दिला, नवी पट्टी घातली, बोल्ट आवळले. मग उरलेले सगळे जोड उघडून तपासले. पाहुण्यांतले निम्मे जेवून निघून गेले.

दुपार कलली तेव्हा टाकीतून शिजत्या धानाचा दरवळ उठला. टाकीतलं धान काढल्यावर लक्ष्मणरावांनी एक दाणा सोलून चावला, नाक किंचित मुरडलं. "जरासा आंबूस हाय. पुढचा घाणा चांगला निघू दे, मंग बोलू."

गोंदियाकडचे हिरालाल मात्र शेवटपर्यंत खुर्ची अडवून बसले होते. "माह्या गिरणीत येजो मिस्त्री," ते म्हणाले. "अन् बाईले आण. सारवाले नाही, फोडाले."

सगळे हसले. मंदाबाई हसली नाही.

दिवाळीच्या तोंडावर जुन्या सेठचे मुनीम पुंडलिकराव दारात आले. "येतो का कामावर? सेठजी आज उत्तर मागून राहिले."

हिरालालचं काम अजून बोलण्यातच होतं. जागेश्वर उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"सेठजीले सांगा, दुसरा माणूस पाहून घ्या म्हणा," आतून मंदाबाई म्हणाली.

मुनीम गेले. खोलीचं भाडं, मुलांचे कपडे, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"तू काहून सांगतलं?" जागेश्वरनं विचारलं.

"तुम्ही सांगतलं असतं, तं जनमभर मले विचारत राहिले असते, चुकलो का म्हणून," ती म्हणाली. "आता चुकली तं मी चुकली. जा, गोंदियाची गाडी पाहा."