पापणी धाकट्याची, पैसे थोरल्याचे

गणेशोत्सवाचा बंदोबस्त उठून आठ दिवस झाले होते. त्या सोमवारी स्टेशन डायरीत पडलेली नोंद मला अजून तोंडपाठ आहे. रक्कम एक लाख एकाहत्तर हजार रुपये. हजर व्यक्ती तीन: एका पेन्शन योजनांच्या कंपनीच्या विधी अधिकारी बाई, ठाणे अंमलदार आणि मी. मी तेव्हा परळ-लालबाग भागातल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. आता निवृत्त झालो आहे, आणि या प्रकरणातल्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही.

बंदोबस्ताने सगळे ठाणे शिणलेले होते. रजा साठलेले शिपाई गावी गेले होते, उरलेल्यांचे डोळे लाल. अशा वेळी कागदोपत्री फसवणुकीचा अर्ज आला की कोणालाही तो नकोसा वाटतो. बाईंनी मात्र अर्ज नीट मांडून आणला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कंपनीचा एक ग्राहक, वय एकसष्ट, राहणार लालबागची एक चाळ. त्याला दरमहा नऊ हजार रुपये पेन्शन जाते. ग्राहक हयात आहे की नाही याची पडताळणी वर्षातून एकदा कंपनीच्या ॲपवर होते. ग्राहकाने मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसायचे, ॲप सांगेल ते करायचे, यंत्र चेहरा ताडून पाहते. गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका माणसाने त्याच कंपनीत स्वतःच्या नावाने नवे खाते उघडले. तेव्हा यंत्राने दाखवले की हा चेहरा आपल्याकडे आधीच आहे, आणि तो एकसष्ट वर्षांच्या ग्राहकाचा आहे. नवा खातेदार होता त्या ग्राहकाचा धाकटा भाऊ. वय एकोणपन्नास, एका निमसरकारी कार्यालयात लिपिक, पत्ता तोच.

"सर, आमचा अंदाज असा की मूळ ग्राहक हयातच नसावा," बाई म्हणाल्या. "भाऊ एकोणीस महिने त्याच्या नावाने पैसे उचलतोय. आम्ही पेन्शन थांबवली आहे."

"धाकट्याच्या ऑफिसला कळवलंत?"

"हो, अर्जाची प्रत पाठवली. आमची तशी पद्धत आहे."

तोतयेगिरी करून फसवणूक, म्हणजे दखलपात्र गुन्हा. पण माझ्या मनाला एक गोष्ट पटत नव्हती. माझ्या नोकरीत मी पुष्कळ तोतये पाहिले. ज्या दुकानात खोट्या नावाने उधारी केली, त्याच दुकानात खऱ्या नावाने पाय ठेवणारा तोतया मला भेटला नव्हता. म्हणून सहायक आयुक्तांची परवानगी घेऊन मी आधी प्राथमिक चौकशी करायचे ठरवले. कायद्याने त्याला चौदा दिवस मिळतात. गुन्हा नोंदला असता तर धाकट्याचे निलंबन जवळजवळ ठरलेले होते, आणि त्या घरात पगार येणारा तो एकटाच होता.

मंगळवारी तो आला. डबा घेऊन, इस्त्रीच्या शर्टात, थेट ऑफिसला जायच्या तयारीने. समोर बसवून मी विचारले,

"ॲपवर चेहरा कोणाचा?"

"माझा."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही."

"भाऊ जिवंत आहे का?"

"आहे."

"मग त्यांना घेऊन या."

"नको, साहेब."

"का नको?"

"मला काय विचारायचं ते विचारा ना. त्याला यात आणू नका."

चहा मागवला, तो तसाच राहिला. तासभर मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, तासभर तो तेच उत्तर देत राहिला. जो माणूस गुन्हा कबूल करतो पण जिवंत भाऊ दाखवत नाही, त्याच्याबद्दल कोणीही एकच निष्कर्ष काढेल. माझे उपनिरीक्षक तर म्हणालेच, "सर, स्मशानातला दाखला काढू या. मिळेल तिथं." पण उठता उठता धाकट्याने मला विचारले, "साहेब, पुढच्या महिन्याचं त्याचं येईल ना?" ज्याच्या अंगाशी येते तो माणूस 'माझं काय होईल' असे विचारतो. हा स्वतःबद्दल काहीच विचारत नव्हता.

मी आमच्या हवालदारांना चाळीत पाठवले. ते त्याच भागात वाढलेले, मालवणी माणूस. दीड तासाने शिंकत परत आले. वाटेत मिरची कांडप चालू होते.

"साहेब, खातेदार हजर आसा," ते म्हणाले. मग जरा सावरून, "आणायला सांगितलं नव्हतं तुम्ही. तेच म्हणाले, मी येतो. चालत आलेत."

दारात एक उंच माणूस उभा होता. हातात पांढरी काठी, डोळ्यांवर काळा चष्मा, गालापासून कपाळापर्यंत कातडी भाजून चकाकलेली. पंधरा वर्षांपूर्वी एका रसायनाच्या कारखान्यात ॲसिडची टाकी फुटून त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. भरपाईची रक्कम त्यांनी या कंपनीत गुंतवली आणि त्यातून ही पेन्शन सुरू झाली. फॉर्मवर फोटो अपघाताच्या आधीचा लागला, कारण एजंट म्हणाला होता, जुना चालेल, नवा लावू नका, बरा दिसत नाही.

"पोलीस कोण आहे इथं?" त्यांनी विचारले.

"मी. बसा. खुर्ची तुमच्या उजव्या हाताला आहे."

"माझा मृत्यू झालाय असं ऐकलं. कुठं सही करू?"

हवालदार हसले आणि लगेच थांबले. मी बाईंना फोन करून बोलावले, धाकट्यालाही ऑफिसातून परत यायला सांगितले. सगळे खोलीत जमले तेव्हा थोरल्यांनी मान वळवली.

"तू पण आलास? तुझ्या खोकल्यावरून कळलं."

"हो, दादा."

"गप बस मग. मला बोलू दे."

ते बोलले ते असे. पूर्वी दादरला कंपनीची खिडकी होती. वर्षातून एकदा तिथे जायचे. कारकून त्यांच्याकडे बघायचा, तब्येत विचारायचा, अंगठा घ्यायचा. दहा मिनिटांचे काम. मग खिडकी बंद झाली आणि सगळे मोबाइलवर आले. त्यांना मोबाइल येत नाही अशातला भाग नव्हता. फोन पडद्यावरचे शब्द त्यांना वाचून दाखवतो; बातम्या, बँक, वीजबिल सगळे ते त्यावर करतात. या ॲपवर मात्र फोन नुसता "बटण, बटण, बटण" म्हणायचा. ज्याने ॲप बनवले त्याने बटणांना नावेच दिली नव्हती.

"मग तक्रार का नाही केली?" बाईंनी विचारले. आवाज अजून कडक होता.

"केली ना. तुमच्या वेबसाइटवर. ती म्हणाली, आधी माणूस आहात हे सिद्ध करा, चित्रातले सिग्नल ओळखा. बाई, रस्त्यावरचा सिग्नल मला दिसत नाही म्हणून मी काठी घेऊन फिरतो. चित्रातला कुठून दिसणार?"

"पत्र पाठवायचं."

"ते यानं पाठवलं. म्हणाला, कंपनीनं पत्र मंजूर केलं, काम झालं. पैसे यायला लागले, म्हटलं चला, चांगले लोक आहेत."

धाकटा जमिनीकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले की थोरल्यांना काहीच माहीत नाही. हा त्यांना आणायला 'नको' का म्हणत होता तेही कळले. पण चौकशी अर्धवट ठेवता येत नाही. मी बाईंना म्हटले, "तुमची पडताळणी आत्ता इथेच करू. त्यांच्याच फोनवर."

बाईंनी पडताळणीचे बटण दाबून दिले, थोरल्यांनी फोन समोर धरला. फोन म्हणाला, चेहरा चौकटीत आणा.

"चौकट कुठंय? वर की खाली?"

ॲप काही बोलले नाही. पडद्यावर एक गोल होता, चेहरा बाहेर गेला की लाल व्हायचा. बाई पुटपुटल्या, "थोडं डावीकडे घ्या. लाल झालंय."

"हे तुम्ही सांगितलंत. यानं नाही सांगितलं."

मग फोन म्हणाला, चष्मा काढा. त्यांनी काढला. पापण्या एकमेकींना चिकटून भरून आल्या होत्या, वर-खाली असे काही उरलेच नव्हते. फोन म्हणाला, डोळे मिचकावा. हवालदार भिंतीवरच्या ड्यूटी तक्त्याकडे बघत राहिले. फोन पुन्हा म्हणाला, डोळे मिचकावा. नंतर म्हणाला, वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.

"परत करू?" थोरल्यांनी विचारले.

"नको," बाई म्हणाल्या.

थोरल्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग ते हळू म्हणाले, "मग दीड वर्षं पैसे आले कसे?"

धाकटा म्हणाला, "मी मिचकावले."

"तू?"

"तुझा जुना फोटो माझ्यासारखा आहे, दादा. पहिल्याच फटक्यात घेतलं त्यानं."

"म्हणजे त्यांना तू, मी वाटलास."

"हो."

"आणि मी कोण वाटलो?"

मी धाकट्याचा जबाब लिहून घ्यायला लागलो. त्यात त्याचे एक वाक्य जसेच्या तसे आहे: 'पापणी माझी होती, पैसे त्याचे होते, एक रुपयाही मी घेतला नाही.' मी बँकेचे उतारे मागवून पाहिले. प्रत्येक महिन्याचे नऊ हजार थोरल्यांच्या खात्यात जमा झाले होते आणि खर्च त्यांनीच केला होता. तरीही जबाबावर सही झाल्यावर थोरले भावाचा हात न धरता उठले. हवालदारांना म्हणाले, "मला घरापर्यंत सोडा." धाकटा डबा घेऊन दहा पावले मागून चालत गेला.

बाई मागे थांबल्या. मघाचा ताठा उतरला होता.

"सर, असे ग्राहक फार थोडे असतात. त्यांच्यासाठी सगळं ॲप बदलायचं म्हणजे..."

"थोडे आहेत तर त्यांच्या घरी एक माणूस पाठवणं स्वस्त पडेल, बाई."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

त्या रात्री घरी मी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. २०१६ चा कायदा. सेवा देणाऱ्याने, मग तो सरकारी असो की खाजगी, आपली सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी करायची, आणि त्यासाठी मुदतही दिलेली. ती केव्हाच उलटून गेली होती. मी निवृत्त झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयानेही नेमक्या अशाच पडताळणीबद्दल सांगितले की डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि ज्याला डोळे मिचकावता येत नाहीत त्याला दुसरा मार्ग दिला पाहिजे. कायदा होता, पण माझ्या हातात जी कलमे होती ती सगळी धाकट्याला लागू पडत होती. कंपनीला लावता येईल असे एकही कलम पोलीस ठाण्याच्या अखत्यारीत नव्हते. दार कोणी फोडले हे आम्ही शोधतो. दार असे का बांधले की घरच्याच माणसाला आत जाता येऊ नये, हे विचारायचे काम दुसऱ्या कोणाचे तरी असते, आणि तो दुसरा बहुधा दूर असतो.

मी अहवाल लिहिला: अप्रामाणिक हेतू नाही, कोणाचेही नुकसान नाही, रक्कम हक्काच्या माणसाला मिळाली. सहायक आयुक्तांनी दोन शंका विचारून सही केली. अर्ज दप्तरी दाखल झाला, गुन्हा नोंदला गेला नाही. थोरल्यांना मी दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करायला सुचवले. तो अर्ज त्यांनी स्वतः फोनवर बोलून तयार केला, भावाची मदत घेतली नाही. तिकडून नोटीस निघाल्यावर कंपनीचा माणूस चाळीत आला, त्यांच्यासमोर बसला, अंगठा घेतला आणि दहा मिनिटांत गेला. पेन्शन बंद होऊन तोवर सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत घर धाकट्याच्या पगारावर चालले, आणि दोघे भाऊ एका ताटात जेवत असूनही कामापुरतेच बोलत होते, असे हवालदार सांगत.

या प्रकरणाने मला शिकवले ते फार नाही. गुन्हा कबूल करणारा माणूस समोर बसला असेल तर त्याने तो केला का, हे विचारून थांबू नये. सरळ मार्गाने जायला त्याला वाट होती का, तेही विचारावे. ज्याने ती वाट बंद केली तो माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. तो कुठल्या तरी कार्यालयात बसून, आपल्यासारखेच सगळे असतात असे धरून एक पडदा बनवतो आणि संध्याकाळी घरी जातो. त्याला कोणी ठाण्यात बोलावत नाही.

कंपनीने धाकट्याच्या कार्यालयाला पाठवलेली अर्जाची प्रत मात्र तिथेच राहिली. तिच्यावर खात्याची वेगळी चौकशी झाली. माझा अहवाल मी स्वतः नेऊन दिला, साक्षही दिली. खाते म्हणाले, पोलिसांना गुन्हा दिसला नसेल, पण दुसऱ्याच्या नावाने चेहरा दाखवणे हे कर्मचाऱ्याला न शोभणारे वर्तन आहे. एक वेतनवाढ कायमची रोखली.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. कंपनीने थोरल्यांना थकलेले त्रेसष्ट हजार रुपये दिले, त्यांचेच, व्याज नाही. कंपनीला दंड झाला नाही. सुधारणा करू, असे तिने लिहून दिले. धाकट्याच्या पगारातून दरमहा अकराशे चाळीस रुपये कमी येतात, आणि निवृत्तीला त्याची नऊ वर्षे उरली होती. एकूण एक लाख तेवीस हजार एकशे वीस. ते तो त्याच्या खात्याला भरतो आहे.