कळलावीचं मूळ आणि आक्काची वेणी

आक्का देवीच्या कोपानं गेली नाही. तिला विष पाजलं. तेही कौतुकानं, गूळ घालून.

आज तिचा स्मृतिदिन. सकाळी घरच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. खाली फुलं, जोडलेले हात.

आणि त्याच्याच खाली तिच्या पुतण्याचा फॉरवर्ड : 'कळलावीचे मूळ, सुलभ प्रसूतीचा नैसर्गिक उपाय.'
आक्काच्या नातीला नववा लागलाय म्हणून!

शिसारी आली. चहा तसाच ठेवून दिला.

साठच्या दशकातली गोष्ट. आक्काचं सासर कळंबला. दुसरं बाळंतपण, म्हणून तिथंच. कॉलेजला सुट्टी होती, मी तिची धाकटी बहीण, मदतीला गेले होते.

कळा येईनात. रिवाजाप्रमाणं सुईणीनं कळलावीचं मूळ आक्काच्या पायाला बांधलं. ते बांधायचंच असतं, बाळ झालं की लगेच सोडायचं.

सासूला दम कुठला?
"नुसतं बांधून एवढा गुण, तर पोटात गेल्यावर किती येईल! वाटा ते."
सुईण म्हणाली, "व्हय, द्या की."

आक्कानं माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. "लई कडू हाय गं."
आणि प्यायली. सासूला नाही म्हणायची सोयच नव्हती त्या घरात.

मग उलट्या, जुलाब. अंथरूण, भिंत, सगळं घाण. बाळ मेलेलंच आलं.
सासू नाकाला पदर लावून दारात उभी. आत पाऊल टाकलं नाही बाईनं.

काही दिवसांनी आक्काची वेणी घालायला बसले, तर केस मुठीनं फणीत आले.
"कुसे, वाईट दिसायलं का गं?"
"न्हाय गं आक्का," मी म्हटलं.
त्याच आठवड्यात ती गेली.

सासू म्हणाली, "तुळजापूरचा नवस फेडला न्हाय हिनं. देवीनं नेली."
सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढं कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी कांद्याच्या मुळाच्या पेशी दाखवल्या. पेशीचे दोन भाग होताना आत धागे दिसतात. सर म्हणाले, त्या पोकळ नळ्या आहेत, मायक्रोट्यूब्यूल्स. तेव्हा हे नावही नवंच होतं. कणाला कण जोडून त्या उभ्या राहतात, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतात, काम झालं की सुटतात. लग्नाच्या मांडवासारखं.

दुसऱ्या स्लाइडला कोल्चिसीन लावलं होतं. धागे नाहीतच. गुणसूत्रं मध्येच विखुरलेली.

"हे विष आपल्या कळलावीतही असतं," सर म्हणाले. "कण जोडूच देत नाही. ज्या पेशी सारख्या विभागतात त्यांची वाट आधी लागते. आतडी, केसांची मुळं."

केसांची मुळं.
मी लॅबमधून थेट एसटी स्टँडवर गेले.

कळंबला जाऊन सांगितलं. सासू म्हणाली, "चार बुकं शिकली, अन् देवीला खोटं पाडायली."

आज ग्रुपवर हेच सगळं लिहिलं. पुतण्याचं उत्तर आलं, "मावशी, आजच्या दिवशी नको. भावना दुखावतात."
चुलीत गेल्या तुमच्या भावना.

नातीला फोन लावला.
"आजी, सासूबाईंनी मूळ पाठवलंय. देवघरात ठेवलंय."
"जाळून टाक. आत्ता. फोन चालू ठेव."
काडी ओढल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं मी खाली बसले.

श्रद्धांजली भावपूर्ण असावी म्हणतात. माझी संतापानं भरलेली आहे.
आक्का, तीच घे.