आत्याच्या चपला

टीव्हीवरच्या विनोदी मालिकांसाठी मी सहा-सात वर्षं लिहिलं. त्याची सुरुवात माझ्या आत्याच्या चपलांपासून झाली, आणि ते सांगताना अजून मान खाली जाते.

वसईत आमचा पानमळा होता. पानवेलीत चपला घालून जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आत्याचा जन्म त्या मळ्यात गेला, त्यामुळे ती कुठेही दाराशी चपला काढी. बँकेत, दवाखान्यात, एकदा तर एसटीच्या पायरीशी. मी ते सगळं पहिल्याच भागात घातलं. चपला खालीच राहतात आणि एसटी सुटते, असा शेवट केला. निर्माते खूश झाले.

तो भाग पाहायला आमच्या ओटीवर अख्खी आळी जमली. आत्या सगळ्यांत पुढे बसली होती. लोक हसले, तीही हसली. मग शेजारीण तिला म्हणाली, "अगो बाय, ही तर तूच! चपला सांभाळ हो, एसटी सुटेल!"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तू लिवलंस?"

"गंमत म्हणून," मी म्हटलं.

"बरं जमलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मळ्यात गेले. दाराशी ती थांबली, रस्त्यावरून कोणी बघत नाही ना हे तिने मागे वळून पाहिलं, आणि मगच चपला काढल्या. स्वतःच्या मळ्यात.

मी माझ्या चपला काढून तिच्या शेजारी ठेवल्या. पुढचा भाग मात्र वेळेवर लिहून दिला.