एक्कावन्नाव्या पानावरच्या फुल्या

आमच्या वाचनालयात म्हाताऱ्या वाचकांची एक रीत आहे. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो आपल्या ठरलेल्या पानावर खूण करून ठेवतो. माझं पान एक्कावन्नावं. त्याच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं बारीक फुली मारतो.

परवा दोन कादंबऱ्या आणल्या, एक विज्ञानकथा आणि एक रहस्यकथा. विज्ञानकथेत माणसाच्या साऱ्या आठवणी यंत्रात भरून ठेवतात. मला ती काही पटली नाही. शास्त्रज्ञ पानंच्या पानं भाषणं ठोकतो, आणि एवढ्या आठवणी जपून करायचंय काय? रहस्यकथा मात्र झकास निघाली. डॉक्टरांचा खून होतो आणि कंपाउंडर जरा जास्तच रडतो. माझा संशय तिथेच पक्का झाला.

घाईत आणताना खूण पाहायची राहिली होती. रहस्यकथेच्या एक्कावन्नाव्या पानावर पोचलो, तर कोपऱ्यात दोन फुल्या. माझ्याच हातच्या. डोळे मिटून बसलो, पण काही म्हणता काही आठवेना. खुनी राहू दे. हे वाचताना रंगून गेलेल्या माझ्या संध्याकाळी कुठे गेल्या?

बायको मटार सोलत होती. तिला विचारलं, "हे मी वाचलंय का गं?"

"दोनदा. दोन्ही वेळेला जेवताना कंपाउंडर, कंपाउंडर करत होतात."

"मग खून केला कोणी?"

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंग हातात घेतली. "वाचा की. आत्ताच सांगून मजा कशाला घालवू?"

मी पेन्सिल शोधली, तिसरी फुली मारली आणि त्या कंपाउंडरवर डोळा ठेवून पान उलटलं.